आई-बाबा वेगळे, अंगण तेच

प्रत्येक मुलाला शंभर आईबाप हवेत, असा लेख बोडिल ग्रॉ यांनी 1967 साली डेन्मार्कच्या 'पोलिटिकेन' या दैनिकात लिहिला. त्यातून आणि वास्तुरचनाकार यान गुडमंड-हॉयर यांच्या धडपडीतून तिथे को-हाउसिंगची चळवळ उभी राहिली. 1972 मध्ये हिलेरोडजवळ सेत्तेडामेन ही 27 घरांची वसाहत वसली.

को-हाउसिंग म्हणजे घर-पैसा सगळं सामायिक असणारा कम्यून नव्हे. प्रत्येकाचं घर, चूल, बँकखातं वेगळं. जोडीला सगळ्यांचं मिळून एक मोठं घर. आठवड्यातल्या काही संध्याकाळी तिथे एकत्र जेवण. गाड्या वसाहतीच्या कडेला थांबतात. स्वयंपाकघराची खिडकी बहुधा पायवाटेकडे उघडते, म्हणजे कांदा चिरता चिरता पोरांवर लक्ष राहतं, आपल्याही आणि शेजारच्याही.

अशा ठिकाणी एखादं जोडपं वेगळं झालं तर मुलाचं काय होतं?

कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर मार्क फ्लिन या मानववंशशास्त्रज्ञाने 1980च्या दशकाच्या अखेरीस एका खेड्यातल्या मुलांची लाळ गोळा करायला सुरुवात केली, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजायचं आणि त्या दिवशी घरात काय घडलं ते टिपायचं, असं वर्षानुवर्षं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. संकटात ते रक्तातली साखर वाढवून शरीराला सज्ज करतं. पण ते सतत चढंच राहिलं, तर वाढ आणि रोगप्रतिकार ही कामं मागे पडतात. घरात भांडण झालं की मुलांचं कॉर्टिसॉल उसळायचं, यात नवल नाही. खरी गोम पुढे आहे. एकट्या आईच्या मुलांमध्येही दोन गट दिसले. आजी, मावशी जवळपास असलेल्या मुलांची पातळी बेताची होती. ज्या आईला कुणाचाच आधार नव्हता, तिच्या मुलांची चढी होती. म्हणजे बाप घरात नाही, एवढ्यावरून मुलाच्या ताणाचा अंदाज बांधता येत नाही.

को-हाउसिंगमधले शेजारी रक्ताचे नसतात. तरी आई-बाबा वेगळे होण्याआधीपासून मूल ज्यांच्या ताटाशेजारी जेवत आलंय, ती माणसं नंतरही तिथेच असतात. माझ्या मते या वसाहतींचं खरं देणं हेच.

दुसरा फायदा आई-बाबांच्या दोन घरांमधल्या कमी अंतराचा. स्वीडनमध्ये 12 आणि 15 वर्षांच्या सुमारे दीड लाख मुलांची पाहणी झाली. ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. आळीपाळीने दोन्ही घरी राहणाऱ्या मुलांमध्ये झोप न लागणं, डोकेदुखी, पोटदुखी अशा तक्रारी एकाच पालकाकडे राहणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. अखंड कुटुंबातल्या मुलांपेक्षा मात्र जास्त. अर्थात ज्या आई-बाबांचं मुळात बऱ्यापैकी जमतं तेच अशी वाटणी निवडतात, हेही लक्षात घ्यायला हवं. को-हाउसिंगमध्ये आई घर क्रमांक चारमध्ये आणि बाबा घर क्रमांक एकोणीसमध्ये राहत असतील, तर बॅग भरून निघायचा प्रश्नच उरत नाही. गणिताची वही राहिली? पळत जाऊन आणायची. दारात उभं राहून मुलाला 'सोपवण्याचा' प्रसंगही टळतो, आणि बरीच भांडणं नेमकी तिथेच पेटतात.

मात्र मुलाच्या ताब्याचा खटला सुरू झाला की स्वयंपाकघराची तीच खिडकी अडचणीची ठरते. कोण किती वाजता घरी आलं, कोण पोरावर ओरडलं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वकिलाला आणखी काय हवं? एका शेजाऱ्याने साक्ष दिली की जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात. मुलाने मग कुठल्या बाकावर बसायचं? घटस्फोटानंतर मुलांना सर्वाधिक पोळतो तो आई-बाबांमधला चालू संघर्ष, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलं आहे. इथे तर त्याला प्रेक्षकही मिळतात. शहाण्या शेजाऱ्यांनी मुलाला जेवू घालावं, गृहपाठाला बसवावं, आणि कोर्टाने बोलावल्याशिवाय कुणाची बाजू मांडू नये.

उरतो पैशाचा पेच. घर दोघांच्या नावावर असेल, तर एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा किंवा घरच विकायचं. बाहेर पडणाऱ्याला त्याच वसाहतीत दुसरं घर रिकामं मिळेलच असं नाही. भाड्याच्या एक-दोन छोट्या खोल्या राखून ठेवलेल्या असतील, तर निदान पहिलं वर्ष निघतं. वसाहतीचा नकाशा आखतानाच याचा विचार झालेला बरा. त्या वेळी कुणाचंच भांडण झालेलं नसतं, म्हणून तो विषय काढायलाही कुणी धजत नाही.