पाच दिवसांचा मज्जाव: एव्ही साखेनबाखर-श्टेलेच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

एव्ही साखेनबाखर-श्टेले हे नाव निघालं की २००६ आणि २०१४ या दोन सालांच्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या जातात. दोन्ही वेळा हिवाळी ऑलिम्पिक, दोन्ही वेळा तपासणी आणि दोन्ही वेळा ती स्पर्धेबाहेर. आपल्याकडे या दोन्हींना शब्दही एकच, 'बंदी'. त्यामुळे 'दोनदा बंदी आलेली जर्मन स्कीपटू' हे वाक्य सहज लिहिलं जातं. ते चुकीचं आहे आणि पाच ऑलिम्पिक पदकं मिळवणाऱ्या खेळाडूवर अन्याय करणारं आहे. ते चुकीचं का, हे कळायचं तर तिच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये, म्हणजे बर्फावरून स्कीवर लांब पल्ला धावण्याच्या खेळात, रक्त मोजायची वेळ का आली, तिथून सुरुवात करावी लागते.

तिच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो. जन्म २७ नोव्हेंबर १९८०, बव्हेरियातल्या ट्राउनश्टाइनचा. क्लब ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकलेल्या राइट इम विंकल या गावचा. तिथे बर्फाला तोटा नाही आणि स्की हा घरोघरीचा विषय. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकला ती उतरली तेव्हा एकवीस वर्षांची होती. दीड किलोमीटरच्या स्प्रिंटमध्ये रौप्य मिळालं आणि दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, चार गुणिले पाच किलोमीटर रिलेचं सुवर्ण.

तो रिलेचा दिवस नीट लक्षात ठेवायला हवा. शर्यतीच्या सकाळी रशियाच्या संघातल्या एका अनुभवी स्कीपटूचं हिमोग्लोबिन मर्यादेच्या वर निघालं. ऐनवेळी बदली खेळाडू देणं शक्य नव्हतं, त्यामुळे सुवर्णाचा पहिला दावेदार मानला गेलेला अख्खा संघ सुरुवातीच्या रेषेवर आलाच नाही. उरलेल्या संघांत जर्मनी आणि नॉर्वे शेवटच्या टप्प्यापर्यंत बरोबरीने होते. जर्मनीचा शेवटचा टप्पा साखेनबाखरकडे होता. तिने नॉर्वेच्या तिच्यापेक्षा कितीतरी अनुभवी स्कीपटूला अखेरच्या वळणानंतर मागे टाकलं. दोन संघांतलं अंतर दीड सेकंदाच्याही आत होतं. ज्या नियमाने त्या दिवशी रशियाला घरी बसवलं, तोच नियम चार वर्षांनी तिच्या दारात उभा राहिला.

आपल्याकडे हिमोग्लोबिन म्हटलं की 'कमी आहे' एवढंच ऐकू येतं. लॅबचा रिपोर्ट हातात आला की बायकांच्या रकान्यातला आकडा बारावर गेला का, हे आधी पाहिलं जातं. बीट खा, खजूर खा, लोहाच्या गोळ्या घ्या, हे सल्ले त्याच्याच मागोमाग येतात. जास्त हिमोग्लोबिन हाही कुणाचा प्रश्न असू शकतो हे आपल्या बोलण्यात येतच नाही. पण तास-दीड तास छाती फुटेपर्यंत धावणाऱ्या खेळात रक्तातला तांबडा भाग हेच इंधन. तो वाढवायचे दोन मार्ग. उंच डोंगरावर राहून सराव करायचा, हा सरळ मार्ग. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे 'एपो', टोचून घ्यायचं किंवा स्वतःचंच साठवलेलं रक्त पुन्हा चढवायचं, हा चोरीचा. १९९० च्या दशकात हा दुसरा मार्ग बोकाळला आणि पंचाईत अशी की शरीरात एपो पकडणारी चाचणीच तेव्हा नव्हती. ती २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या वेळी आली.

मधल्या काळात आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आडमार्ग काढला. चोर पकडता येत नाही, तर निदान रक्त किती दाट झालंय ते मोजू. आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला तर खेळाडूला त्या दिवसापासून थांबवायचं. कारण म्हणून आरोग्य पुढे केलं गेलं आणि ते खोटंही नव्हतं. दाट रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो आणि घाम गाळून शरीर सुकलं की तो वाढतो. ही रेषा वर्षांगणिक खाली आणली गेली. २००६ साली ती पुरुषांसाठी १७ आणि स्त्रियांसाठी १६ ग्रॅम प्रति डेसिलिटर होती.

रेषा आली की तिला बगल देणारेही आले. २००१ च्या लाहती इथल्या जागतिक स्पर्धेत यजमान फिनलंडचे सहा स्कीपटू एका औषधासाठी दोषी ठरले. ते औषध रक्त पातळ दाखवण्यासाठी वापरलं जात होतं. म्हणजे मोजणीचा नियम चोरांना ठाऊक होता आणि ते त्याची तयारी करून येत होते. मग रेषेच्या वर सापडतो कोण? कधी निष्काळजी चोर. आणि कधी ज्याने काहीच केलेलं नाही असा माणूसही, कारण रक्ताचा आकडा एका जागी राहत नाही. पाणी कमी प्यायलं, लांबचा विमानप्रवास झाला, चार दिवस उंचावर काढले, तरी तो हलतो. शिवाय काहींचं रक्त जन्मतःच दाट असतं. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णं जिंकणाऱ्या फिनलंडच्या एका स्कीपटूच्या घराण्यात जनुकातल्या बदलामुळे हिमोग्लोबिन २० च्याही वर जात असे. शास्त्रज्ञांनी ते पुढे, १९९३ साली, सिद्ध केलं. तोपर्यंत त्या माणसाने आयुष्यभर संशय सोसला होता. अशांसाठी नियमात सवलतीची सोय होती, पण ती देणं न देणं महासंघाच्याच वैद्यकीय समितीच्या हाती.

आता २००६. मधल्या चार वर्षांत तिने २००३ च्या वाल दि फिएमे इथल्या जागतिक स्पर्धेत रिलेचं सुवर्ण मिळवलं होतं, २००५ साली लग्न केलं होतं आणि आडनावाला 'श्टेले' जोडलं होतं. तुरीन ऑलिम्पिकच्या स्कीच्या शर्यती प्राजेलातोला होत्या, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी महासंघाने रेषेच्या वर निघालेल्यांची यादी जाहीर केली आणि त्यात तिचं नाव होतं. तिचा आकडा सोळाच्या थोडाच वर होता. काही दिवसांत या यादीत बारा खेळाडू झाले: अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, बेलारूस, रशिया. प्रत्येकाला पाच दिवसांचा मज्जाव. म्हणजे १२ फेब्रुवारीची तिची पहिली शर्यत गेली.

'मज्जाव' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. महासंघाच्या कागदांवर याला सुरुवात करण्यास मनाई अशा अर्थाचा शब्द आहे. जर्मन वृत्तपत्रांनी त्याला 'शुट्झश्पेरे' म्हटलं. 'शुट्झ' म्हणजे संरक्षण, 'श्पेरे' म्हणजे अडसर किंवा बंदी. संरक्षणासाठी घातलेली बंदी. पण बातमी देशाबाहेर गेली की पहिला अर्धा शब्द गळून पडला आणि नुसती बंदी उरली. ज्याच्यावर उत्तेजकाचा आरोप नाही, ज्याची सुनावणी नाही, ज्याचं नाव दोषींच्या नोंदीत जात नाही, त्याच्या गळ्यातही तीच पाटी अडकली. मराठीत खरं तर यासाठी शब्दांची चणचण नाही. मंदिरात मज्जाव, बांधावर मनाई, नोकरीतून निलंबन, दारूला बंदी. प्रत्येकाचं वजन वेगळं आणि ते आपल्याला घरबसल्या कळतं. खेळाच्या पानावर मात्र सगळ्याला एकच माप लावलं जातं.

तिच्या बाजूने दाद मागितली गेली. म्हणणं साधं होतं: हिचं रक्त पहिल्यापासून असंच आहे, मागच्या वर्षांचे आकडे पाहा, सवलत आधीच मागितली होती आणि ती नाकारली गेली. ऑलिम्पिकच्या काळात तिथल्या तिथे निवाडा देणाऱ्या लवादापुढे हे प्रकरण गेलं आणि शर्यतीच्या दिवशीच फेटाळलं गेलं. निकालाचा आधार मला आजही अस्वस्थ करतो. हा मज्जाव शिक्षा नाही, असं लवादाने म्हटलं. आणि तिचं रक्त जन्मतः दाट आहे की नाही हा वैद्यकाचा प्रश्न आहे, त्यात आम्ही समितीच्या जागी बसणार नाही, असंही म्हटलं. शिक्षा नसल्यामुळे शिक्षेविरुद्धचे बचाव तिला मिळाले नाहीत. आणि शिक्षा नसूनही तिची ऑलिम्पिक शर्यत गेली. जगभर फोटोखाली बंदी हा शब्द छापून आला तो वेगळाच. आकड्याची रेषा मुळात संशयापोटी आखली होती, पण कागदावर ती आरोग्याची होती. या दुहेरीपणाचा भार खेळाडूने एकट्याने उचलायचा, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. रेषेमुळे काही खरे चोर थांबले हे मान्य करूनच हे म्हणतो. २००९ च्या अखेरीपासून जैविक पासपोर्टची पद्धत आली. तिच्यात एका सरसकट रेषेऐवजी प्रत्येक खेळाडूचे स्वतःचेच वर्षानुवर्षांचे आकडे ताडून पाहतात. २००६ साली तिच्या बाजूने नेमकं हेच पाहा म्हणून सांगितलं जात होतं.

पाच दिवस संपले, ती परतली आणि १८ फेब्रुवारीला रिलेचं रौप्य घेऊन गेली.

पुढची वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत. २००७ ला सप्पोरोत आणि २००९ ला लिबेरेत्सला जागतिक रौप्यपदकं. मग २०१० चं व्हँकुव्हर. स्कीच्या शर्यती व्हिस्लरला. २२ फेब्रुवारीची सांघिक स्प्रिंट दोघींची असते, आळीपाळीने तीन-तीन फेऱ्या. साखेनबाखर-श्टेलेने आपल्या तिन्ही फेऱ्यांत पुढच्या गटाला सोडलं नाही आणि जोडीदारणीने शेवटच्या सरळ पट्ट्यात स्वीडनला गाठलं. जर्मनी सेकंदाहून कमी फरकाने पहिली. तीन दिवसांनी रिलेत पुन्हा रौप्य. त्या रिलेत एक टप्पा बायथलॉनमधून, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी मिळून असलेल्या खेळातून, आलेल्या तरुण मुलीने धावला होता. दोन वर्षांनी साखेनबाखर-श्टेले उलट दिशेने गेली. २०१२ साली, एकतिसाव्या वर्षी, तिने रायफल उचलली.

हे किती कठीण आहे ते सांगायला हवं. साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन चढ चढायचा, नाडी उडत असताना श्वास आवरायचा आणि पन्नास मीटरवरचं लक्ष्य टिपायचं. आडवं पडून नेम धरताना ते लक्ष्य फक्त ४५ मिलिमीटरचं असतं. बहुतेक शर्यतींत प्रत्येक चुकीला दीडशे मीटरची जादा फेरी. लहानपणापासून हे करणाऱ्यांचेही हात कापतात. दोन हंगामांत ती जर्मनीच्या ऑलिम्पिक संघात होती आणि १७ फेब्रुवारी २०१४ ला सोचीत साडेबारा किलोमीटरच्या, सगळ्या जणी एकदम सुटतात अशा शर्यतीत चौथी आली.

त्याच शर्यतीनंतरच्या नमुन्यात मिथाइलहेक्झॅनअमिन सापडलं. हे नाव आपल्याकडेही ऐकलेलं आहे. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले काही कुस्तीगीर आणि जलतरणपटू याच पदार्थात अडकले होते. मूळचं हे १९४० च्या दशकातलं चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध. पुढे ते पूरक आहारात आणि वजन घटवण्याच्या पावडरींत शिरलं. बऱ्याचदा डब्यावर त्याचं नाव नसतं, असलं तर 'जेरेनियम अर्क' असं निरुपद्रवी नाव असतं. स्पर्धेच्या काळात ते निषिद्ध आहे, पण यादीत त्याचा वर्ग असा की नकळत पोटात गेल्याचं दाखवता आलं तर शिक्षा ताकिदीपर्यंत खाली येऊ शकते.

२१ फेब्रुवारीला तिला सोचीतून परत पाठवलं गेलं आणि तिकडे बव्हेरियात पोलिसांनी तिच्या घराची झडती घेतली. चौथा क्रमांक पुसला गेला, मिश्र रिलेतला संघाचा चौथा क्रमांकही गेला. जुलैत दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. ही मात्र खरोखरची बंदी होती आणि तिला बंदीच म्हणायला हवं. तिचं म्हणणं होतं की एका चहाच्या पावडरीतून हा पदार्थ आला. लवादाने नोव्हेंबरमध्ये तिची चूक मान्य केली, पण ती काळजी न घेतल्याची. मुद्दाम घेतल्याचं मानलं नाही. आठ वर्षांपूर्वी जिथे तिचं रक्त तिचंच आहे हे ऐकून घ्यायला कुणी बसलं नव्हतं, तिथे या वेळी चहाच्या डब्यापर्यंत चौकशी झाली. दोन वर्षांचे सहा महिने झाले.

ते सहा महिने ऑगस्टमध्येच संपले होते. निकाल आला तेव्हा नवा हंगाम तोंडावर होता आणि शर्यतीला उभं राहण्यात नियमाची कसलीच आडकाठी नव्हती. वर्ष संपायच्या आत तिने निवृत्ती जाहीर केली.