त्वरण

वस्तूच्या वेगात एकक काळात होणारा बदल म्हणजे त्वरण. अंतिम वेगातून सुरुवातीचा वेग वजा करून आलेल्या उत्तराला लागलेल्या काळाने भागले की सरासरी त्वरण मिळते. वेगाप्रमाणे त्वरणालाही परिमाण आणि दिशा असते, म्हणून ती सदिश राशी आहे.

आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्वरण मीटर प्रति सेकंद वर्ग (मी/से²) या एककात मोजतात. विद्यार्थी अडखळतात ते या वर्गापाशी. सेकंदाचा वर्ग ही काही दिसणारी, मोजता येणारी वस्तू नाही. त्याचा अर्थ इतकाच, की सेकंद दोनदा आला आहे: एकदा वेग सांगताना आणि दुसऱ्यांदा तो वेग किती काळात बदलला हे सांगताना. ‘दर सेकंदाला, सेकंदाला इतके मीटर’ असे सावकाश वाचले की एकक आपोआप उलगडते. थांबलेल्या गाडीने १० सेकंदांत ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेग गाठला, तर तिचे सरासरी त्वरण २ मी/से² झाले; तिचा वेग दर सेकंदाला सरासरी २ मी/से वाढत गेला. तीच गाडी ब्रेक लावल्यावर ४ सेकंदांत थांबली, तर त्वरण −५ मी/से². याला ऋण त्वरण किंवा अवत्वरण म्हणतात. गणित सोडवण्यापूर्वी ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करून घ्यावेत. उत्तरे बहुतेक तिथेच चुकतात.

वेगाची नुसती दिशा बदलली तरी त्वरण असते. घाटातल्या ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर बस ताशी ३६ किमी या स्थिर चालीने वळत असेल, तर वळणाच्या केंद्राकडे तिचे त्वरण २ मी/से² असते. उलट, वेग शून्य असतानाही त्वरण असू शकते. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो, पण तेव्हाही त्याचे त्वरण खाली सुमारे ९.८ मी/से² असते. ते नसते, तर चेंडू तिथेच राहिला असता.

हे गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, ध्रुवांवर ९.८३, तर चंद्रावर सुमारे १.६ मी/से² असते. १९०१ साली त्याचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ मी/से² ठरवण्यात आले. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून, भांड्यातून गळणाऱ्या पाण्याच्या वजनावरून काळ मोजत या गतीचा अभ्यास केला आणि समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात हे दाखवले. सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग या एककाला त्याच्यावरूनच ‘गॅल’ म्हणतात.

भूकंपाच्या अभ्यासात जमिनीचे त्वरण गॅलमध्ये किंवा गुरुत्व त्वरणाच्या पटीत सांगतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात धरणात बसवलेल्या उपकरणाने गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ०.६३ पट, म्हणजे जवळपास ६२० गॅल इतके कमाल त्वरण नोंदवले. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणांक ०.०५, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या फक्त ०.०५ पट होता. धरणाला तडे गेले, पण ते फुटले नाही. पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले.