ब्रशला रक्त लागलं तरी ब्रश सोडू नका

नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी मला एकदा सांगितलं, "त्या बाजूला ब्रश लागला का रक्त निघते. म्हणून मी तिकडं घासतच नाही. बोटानं काळं मंजन लावते फक्त." काकू स्वच्छतेच्या बाबतीत अतिशय काटेकोर. तरी जी जागा सांभाळायची म्हणून त्यांनी सोडली होती, तिथलेच दात पुढे हलायला लागले. अशी माणसं मला घरोघरी भेटतात, म्हणून हा लेख.

रक्त येतं त्याचं कारण बहुतेक वेळा ब्रश नसतो. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो आणि त्यावर जीवाणू वस्तीला येतात. नागपूरकराला हे समजायला कूलर पुरे. एप्रिल-मे महिन्यात टाकीला आतून जी बुळबुळ धरते, तसाच हा थर. त्याला प्लाक म्हणतात. कूलरच्या टाकीत नुसतं नवं पाणी ओतून बुळबुळ जाते का? हात घालून घासावंच लागतं. चूळ भरून किंवा सुगंधी माउथवॉश फिरवून प्लाक जात नाही, तो याचसाठी.

थर हिरडीच्या काठाशी साचून राहिला की शरीर तिकडे पांढऱ्या पेशी पाठवतं. रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी लाल आणि मऊ होते, तिचं आतलं अस्तर फाटायला येतं. मग ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त. त्या जागेला घासणं टाळलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढतं.

हे प्रयोगानं दाखवलं गेलं आहे. १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात आजार आणि त्यावरचा इलाज दोन्ही एकाच माणसाच्या तोंडात, महिनाभरात दिसले.

पण ही माघारीची वाट कायम उघडी राहत नाही. कूलरच्या ताट्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढतात, तसे लाळेतले क्षार प्लाकमध्ये बसून त्याचं कडक किटण होतं. ते घरी निघत नाही, दंतवैद्याकडेच काढावं लागतं. किटण खाली सरकलं की हिरडी दातापासून सुटते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्येही १ ते ३ मिलिमीटर खोल फट असतेच. ती खोल होत गेली की दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. झिजलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही. आणि मग लोक म्हणतात, "सफाई केली म्हणून दात हलले." हाड आधीच गेलेलं असतं, किटणाच्या आधारानं दात उभा असतो, एवढंच. मधुमेह असेल तर हे सगळं जास्त वेगानं घडतं, आणि हिरडीची सूज उलट साखर आटोक्यात येऊ देत नाही.

मग घासायचं कसं? मऊ केसांचा ब्रश हिरडी आणि दात जिथं मिळतात तिथं तिरपा, साधारण ४५ अंशांत टेकवायचा आणि छोटे, हलके हेलकावे द्यायचे. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्री झोपताना लाळ खूप कमी होते, त्यामुळे रात्रीचं घासणं अजिबात चुकवू नका. पेस्ट फ्लोराइडची. दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथं फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, किंवा फटींसाठीचा बारीक ब्रश. सुरुवातीला रक्त येईल. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर मात्र तपासून घ्या. मेडिकल चौकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे.

रक्त न येणाऱ्यांपैकी काहींची मला जास्त काळजी वाटते. सिगारेट-बिडीनं हिरडीतून रक्त येणं दबतं, त्यामुळे आत हाड झिजत असतानाही माणूस निर्धास्त असतो. आणि आपल्याकडे खर्रा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना तासन्‌तास गालात धरला की तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. "तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारीच खातो" हे समाधानही खोटं आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नोंदवलं. सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कडक तंतूंचे पट्टे तयार होतात. पहिली खूण ताटातच दिसते: कालपर्यंत चवीनं खाल्लेली तर्री अचानक तोंडात आग लावते. पुढे तोंड उघडणं कमी होत जातं. आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं एकावर एक, उभी तोंडात घालून बघा. सहज जात नसतील तर खर्रा त्याच दिवशी सोडून दंतवैद्याकडे जा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.