बी कोण नेतं, यावर फळ कसं ठरतं

फळ पिकलं की रंग बदलतं, मऊ पडतं, गोड होतं. जागचं न हलणाऱ्या झाडानं बी दूर नेणाऱ्याला देऊ केलेली ही मजुरी. पण या देवाणघेवाणीत दोघं एकमेकांना घडवतात का, हा प्रश्न बराच उशिरा विचारला गेला. डार्विननं तित्तिराच्या पायाला चिकटलेल्या मातीतून ८२ रोपं उगवून दाखवली, तेव्हा त्याला बी किती लांब पोचते हे पाहायचं होतं. १९६४ मध्ये जीवशास्त्रज्ञ एर्लिक आणि रेव्हन यांनी फुलपाखरं आणि त्यांच्या अळ्यांची खाद्यझाडं यांवर लिहिलं, आणि ‘सहउत्क्रांती’, म्हणजे दोन जातींनी एकमेकींना घडवत बदलत जाणं, हा शब्द रूढ झाला.

त्यानंतर सर्वांत गाजली ती मॉरिशसच्या तांबालाकोक झाडाची गोष्ट. या झाडाची टणक बी डोडो या आता नामशेष झालेल्या पक्ष्याच्या पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) घासली गेल्याशिवाय रुजत नाही, असं जीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली टेंपल यांनी १९७७ मध्ये मांडलं. डोडोऐवजी त्यांनी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या, ३ रुजल्या. पुढे डोडो संपल्यानंतर उगवलेली झाडंही आढळली, आणि न घासलेल्या बिया रुजतात हेही दिसलं. एका झाडाला एकच प्राणी, हे चित्र मोहक खरं, पण निसर्गात ते क्वचितच आढळतं. एक फळ अनेकजण खातात, एक पक्षी अनेक फळं खातो. दोन जातींचं जमतं म्हणून त्या एकमेकींमुळेच बदलल्या असं धरू नका, हा जीवशास्त्रज्ञ डॅनियल जान्झेन यांचा १९८० चा इशारा मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

झाड मात्र नुसतं बोलावत नाही, निवडतंही. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांचं तोंड भाजतं, पक्ष्यांना जाणवत नाही. उंदीर बी चावून फोडतो. पक्षी अख्खी गिळतो आणि ती शाबूत बाहेर पडते.

निवडलेला वाहकच नाहीसा झाला तर? ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात जुसारा नावाचा पाम आहे. त्याच्या मोठ्या बिया टूकन हे मोठ्या चोचीचे पक्षी गिळतात. जिथे शिकारीनं आणि जंगलतोडीनं टूकन संपले, तिथे थ्रशसारखे छोटे पक्षी उरले. सुमारे १२ मिलिमीटरपेक्षा जाड बी त्यांच्या चोचीत मावत नाही. ती झाडाखालीच पडून राहते. मौरो गालेट्टी आणि सहकाऱ्यांनी २२ ठिकाणच्या बिया मोजल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला: टूकन नसलेल्या जंगलांत बिया लहान झाल्या आहेत. लहान बी लवकर सुकते, त्यामुळे कोरड्या वर्षी ती रुजण्याआधीच मरण्याचा धोका जास्त.