‘सिली’: धन्य माणसापासून वेड्या पोरापर्यंत

रेडिओवर कसोटीचं समालोचन ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ‘सिली’ हा शब्द मैदानावर भेटला. सिली पॉइंट, सिली मिड-ऑन, सिली मिड-ऑफ. बॅटपासून दोन-चार पावलांवर, गुडघे वाकवून, तळवे पुढे धरून उभा असलेला क्षेत्ररक्षक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ही नावं रुळली तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं. इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे वेडं धाडस, म्हणून ‘सिली’. आपल्या एकनाथ सोलकरांची जागा शेजारचीच, फॉरवर्ड शॉर्ट लेगची. २७ कसोटींत ५३ झेल, तेही हेल्मेटशिवाय. त्या माणसाला मूर्ख म्हणायला कुणाची जीभ धजावेल? तरी ‘सिली’चा अर्थ विचारला की आपण चटकन ‘मूर्ख’ सांगून मोकळे होतो. मला ते खटकतं, कारण या शब्दाचं घराणं फार वेगळं आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप ‘सॅलिग’ असं होतं आणि अर्थ होता सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ ‘झेलिश’ आजही ‘धन्य’ याच अर्थाने नांदतो. इंग्रजीत मात्र शब्द एकेक पायरी उतरत गेला. देवाचा लाडका तो निष्पाप. निष्पाप असल्यामुळे त्याला कुणीही फसवणार, म्हणून बिचारा. बिचारा म्हणजे दुबळा. आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंगाचा दुबळेपणा बुद्धीला चिकटला. पण जुना अर्थ लगेच मेला नाही. १६२९ साली इंग्रज कवी मिल्टनने ख्रिस्तजन्मावर कविता लिहिली, तिच्यातल्या मेंढपाळांच्या विचारांना त्याने ‘सिली’ म्हटलंय. ते मेंढपाळ मंदबुद्धी नाहीत, साधे आहेत. आपल्या मेंढरांपलीकडे त्यांना काही ठाऊक नाही, एवढंच.

याच रस्त्यावर उलट दिशेनं आलेला शब्द म्हणजे ‘नाइस’. तो लॅटिनमधल्या ‘अजाण’ या अर्थाच्या शब्दावरून आला आणि इंग्रजीत सुरुवातीला चक्क मूर्खालाच लावत. पुढे तो चोखंदळ झाला, मग छान.

आपल्याकडे ‘सिली’सारखीच घसरण ‘देवानांप्रिय’ची झाली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला याच नावानं संबोधतो, देवांचा लाडका म्हणून. त्याच्या लेखांपैकी आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यात सापडला. आणि सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षित संस्कृतचं व्याकरण लिहितात तेव्हा त्याच पदाचा अर्थ नोंदवतात ‘मूर्ख’! पदवी तीच, एकेकाळी दगडात कोरलेली, आणि पंडितांच्या तोंडी ती शिवी झाली. देवाच्या भरवशावर राहणाऱ्या माणसाला जग शेवटी खुळ्यातच काढतं, हे एकमेकींपासून दूर असलेल्या दोन भाषांनी, इंग्रजीनं आणि संस्कृतनं, वेगवेगळं नोंदवलंय. मला त्याचं फार वाईट वाटतं. मराठीत ‘भोळा’ अजून तोल सांभाळून आहे. भोळा शंकर म्हणताना हात जोडले जातात, ‘भोळसट’ म्हटलं की तोच गुण दोष होतो.

१८६१ पासून इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीत ‘सिली सीझन’ हा शब्दप्रयोग आहे: उन्हाळ्यात पार्लमेंटला सुट्टी लागली की पानं भरायला ज्या फुटकळ बातम्या छापतात, तो काळ.

घरातल्या बोलण्यात मात्र ‘सिली’ अजून बराच मऊ आहे. ‘स्टुपिड’ लागतो, ‘सिली’ सहसा लागत नाही. अंधाराला घाबरून पांघरुणात शिरलेल्या पोराला इंग्रज आई ‘सिली’ म्हणते, तेव्हा ती त्याच्या अकलेबद्दल बोलतच नसते. तिथे अनुवादकानं ‘मूर्ख मुला’ असं लिहिलं की त्या खोलीतली सगळी माया गेली. आपल्याकडची आई अशा वेळी पोराला जवळ ओढते, केसांतून हात फिरवते आणि म्हणते, “वेडा रे वेडा!”