विकेंद्रित समाजमाध्यमे : उभारणीतील अडचणी

एका कंपनीच्या मालकीचे व्यासपीठ न वापरता, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून जे समाजमाध्यम उभे राहते त्याला विकेंद्रित समाजमाध्यम म्हणतात. कल्पना ईमेलसारखीच आहे : पत्ता कोणत्याही सेवेचा असला तरी पत्र पोहोचते. फेसबुक आणि ट्विटर (आताचे एक्स) यांना पर्याय म्हणून असे बरेच प्रयत्न झाले. त्यांतले अनेक तांत्रिकदृष्ट्या व्यवस्थित चालले. अडले ते रोजचा कारभार कोणी पाहायचा, या प्रश्नापाशी.

२०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी ‘डायस्पोरा’ या अशाच माध्यमासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १० हजार डॉलर मागितले, जमले दोन लाखांहून अधिक. दोनच वर्षांत प्रकल्प स्वयंसेवकांच्या हाती सोपवण्यात आला. २०१४ मध्ये ट्विटरने हाकललेले ‘इस्लामिक स्टेट’चे प्रचारक इथे आले, तेव्हा मूळ प्रकल्पाला मजकूर काढून टाकण्याचा अधिकारच नव्हता. प्रत्येक सर्व्हरच्या ॲडमिनला, म्हणजे तो चालवणाऱ्याला, गाठून विनंती करावी लागली. मधली सत्ता काढली की तिची कामे संपत नाहीत, ती खाली विखुरतात. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

सध्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन. ते ज्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या सामाईक नियमांवर, चालते त्याला जागतिक वेब संघटनेने (डब्ल्यूथ्रीसी) २०१८ मध्ये मान्यता दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते सुमारे तीन लाखांवरून २५ लाखांपर्यंत गेले आणि काही महिन्यांत पुन्हा बरेच उतरले. नव्या माणसाला पहिला प्रश्न यायचा तो ‘कोणता सर्व्हर?’ ज्याचे उत्तर द्यायला आधी सगळी व्यवस्था कळलेली असावी लागते, असा हा प्रश्न. त्यातून पुढे गेले तरी दुसरा चकवा असे. एका सर्व्हरवर पोस्टखाली चाळीस उत्तरे आणि दुसऱ्यावरून पाहिले तर त्याच पोस्टखाली तीन. कारण सर्व्हरकडे मुख्यतः तिथले लोक ज्यांना फॉलो करतात त्यांचेच लिखाण येते. मग जे उत्तर आधीच कोणीतरी दिले आहे तेच दहा जण पुन्हा देतात. उलट बाजूने, पोस्टमध्ये दुवा टाकला की शेकडो सर्व्हर पूर्वदृश्यासाठी एकाच वेळी त्या संकेतस्थळावर धडकतात आणि लहान संकेतस्थळ कोलमडू शकते.

ॲडमिनची स्थिती सर्वांत बिकट. सर्व्हरचे भाडे, इतर सर्व्हरांवरून येऊन साठणाऱ्या चित्रफितींची जागा, तक्रारी, शिवीगाळ, कायदेशीर नोटिसा हे सारे बहुधा देणग्यांवर आणि फावल्या वेळात चालते. मोठ्या कंपन्यांकडे आक्षेपार्ह मजकूर तपासायला पगारी माणसे असतात. इथे एखाद-दुसरा माणूस रात्री जागतो. नको त्या सर्व्हरशी संबंध तोडणे, म्हणजे ‘डीफेडरेट’ करणे, हे त्याचे मुख्य हत्यार. २०१९ मध्ये अतिउजव्यांचा अड्डा मानल्या जाणाऱ्या ‘गॅब’ या समाजमाध्यमाने मॅस्टोडॉनचाच मुक्त (कोणालाही वापरता येणारा) कोड घेतला, तेव्हा त्याला रोखणे शक्य नव्हते, फक्त वाळीत टाकता आले.

माणूस थकला किंवा पैसे संपले की सर्व्हर बंद पडतो. पैसे असूनही पडतो : फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. त्याच वर्षी ‘क्वीअर डॉट एएफ’ या मॅस्टोडॉन सर्व्हरचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे शेवटचे अक्षरचिन्ह; तालिबानच्या राजवटीने ते नाव फेब्रुवारीत निलंबित केले आणि तिथल्या सर्वांचे पत्ते निकामी झाले. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलता येतो, फॉलोअर सोबत नेता येतात, पण जुन्या पोस्ट मागेच राहतात.

ही अडचण ‘नॉस्टर’ या दुसऱ्या विकेंद्रित प्रोटोकॉलने वेगळ्या रीतीने सोडवली. तिथे ओळख म्हणजे गुप्त किल्ली, सर्व्हर नव्हे. पण किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असे विचारणारे कोणी नाही. ‘ब्लूस्काय’ या ट्विटरसारख्या माध्यमाने वापर सोपा ठेवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडला. प्रोटोकॉल खुला असला तरी बहुतेक खाती कंपनीच्याच सर्व्हरांवर राहिली आणि ओळखींची नोंदवहीही कंपनीनेच उभारली. त्यामुळे याला विकेंद्रित म्हणावे का, यावर जाणकारांत वाद आहे. ‘विकेंद्रित होऊ शकणारे’ हे वर्णन अधिक रास्त वाटते.

फेसबुकची मालक कंपनी मेटाने जुलै २०२३ मध्ये आणलेल्या ‘थ्रेड्स’ या ट्विटरसारख्या माध्यमाने पुढे ॲक्टिव्हिटीपबशी जोडणी सुरू केली. त्याआधीच शेकडो ॲडमिनांनी थ्रेड्सला दारातच अडवण्याचे ठरवले होते; इतरांनी मात्र स्वागत केले. अडवणाऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला थ्रेड्सवरचे मित्र हवे असतील, तर त्याने सर्व्हर बदलायचा आणि जुन्या पोस्ट तिथेच सोडायच्या.