‘३७७ गेलं, म्हणजे समलिंगी लग्नही कायदेशीर झालं’? नाही!

हा समज २०१८ पासून फिरतो आहे. ३७७ म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध त्या गुन्ह्यातून वगळले, एवढंच. लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला. तो संसदेचा विषय ठरला. म्हणून खासदाराला पत्र लिहाच, पण ‘पाठिंबा द्या’ इतकं मोघम नको, त्याला गुळमुळीत उत्तर मिळतं. नेमकं मागा: विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम ४(c) मधले ‘पुरुष–स्त्री’ हे शब्द बदला. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये असं खासगी विधेयक मांडलं होतं. लोकसभा विसर्जित होताच ते बाद झालं. ते पुन्हा मांडायला सांगा. संयुक्त बँक खातं मात्र आजही उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनीही करता येतं. बँकेने अडवलं, तर अर्थ मंत्रालयाचा २८ ऑगस्ट २०२४ चा खुलासा दाखवा.